रक्तातील लोहाचा जमाखर्च
(सुरत येथील महाजन कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानच्या मेळाव्यात बहुधा क्षेत्राचा इतिहास, उत्सवांची परंपरा किंवा जीर्णोद्धाराचे कार्य यांवर व्याख्याने होतात. आज योजिलेला विषय त्याहून वेगळा आहे, पण तो प्रत्येक घराच्या उंबरठ्याच्या आतला आहे. घरात कोणी फिकट दिसू लागले, जिना चढताना धाप लागू लागली, की डॉक्टर रक्त तपासण्यास सांगतात. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून कागद येतो. सुरतेत शेजारीण ‘लोहीना टका’ किती म्हणून विचारते, आपल्या घरांत ‘रक्त किती आहे’ म्हणून विचारतात. आकडा कमी निघाला की लोहाच्या गोळ्यांची बाटली घरात येते आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे का संपू नये, हे सांगणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू होय.

रक्तक्षय ही आपल्या देशातील अत्यंत व्यापक व्याधी आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. गोव्यात हे प्रमाण शेकडा ३९, तर गुजरातेत शेकडा ६५ निघाले. परंतु या पाहणीत बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त घेऊन केवळ हिमोग्लोबिन मोजले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तूट आहे एवढे त्यावरून कळले. तूट कशामुळे आली, हे त्या थेंबावरून कळणे शक्य नव्हते.

आपल्या पूर्वजांस ही व्याधी अपरिचित नव्हती. चरकसंहितेत पांडुरोगाचे वर्णन आहे आणि त्यावर लोहयुक्त योगही सांगितले आहेत. रक्त फिके पडले की लोह द्यावे, ही समजूत इतकी जुनी आहे, आणि बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत ती खरीही ठरते. अडचण येते ती उरलेल्यांच्या बाबतीत.

प्रथम शरीरातील लोहाचा जमाखर्च पाहू. प्रौढ माणसाच्या देहात सारे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते, म्हणजे एका खिळ्याइतके. त्यातील सुमारे दोनतृतीयांश लाल पेशींतील हिमोग्लोबिनमध्ये गुंतलेले असते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि ती मोडली की तिच्यातील लोह पुन्हा नव्या पेशीसाठी वापरले जाते. या फेरवापरातून दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह हाताळले जाते, तर अन्नातून आत येणारे लोह असते दिवसाला अवघे १ ते २ मिलिग्रॅम. तितकेच रोज झिजून बाहेर जाते. जास्तीचे लोह हेतुपुरस्सर बाहेर टाकणारे इंद्रिय देहाला नाही. म्हणून सारा पहारा आतड्याच्या दारावर असतो, आणि यकृतात तयार होणारे हेप्सिडिन नावाचे द्रव्य ते दार उघडते वा मिटते. ज्या संस्थेची आवक इतकी अल्प आहे, तिच्या तिजोरीला लहानसे भोक पडले तरी काही महिन्यांत ती रिकामी होते. मासिक स्राव, बाळंतपण, मूळव्याध, जठरातील व्रण ही अशी भोके होत. एका गर्भारपणासाठीच सुमारे १ ग्रॅम लोह लागते. आपल्या घरांतील स्त्रियांना ही व्याधी अधिक का होते, याचे उत्तर यातच आहे.

हा जमाखर्च तपासण्यासाठी प्रयोगशाळा मुख्यतः चार आकडे देते. पहिला ‘सिरम आयर्न’. रक्त काढले त्या घटकेला रक्तद्रवातून वाहून नेले जात असलेले लोह म्हणजे सिरम आयर्न. हा आकडा फार चंचल असतो. तो सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा निघतो, आणि नुकतीच गोळी घेतली असेल तर फसवा चढतो. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करावी, आणि गोळ्या चालू असल्यास त्या आधी किती वेळ थांबवाव्यात हे डॉक्टरांस विचारून घ्यावे. केवळ या एका आकड्यावर कोणताही निर्णय करू नये.

दुसरा आकडा ‘टी.आय.बी.सी.’. लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन आहे. त्याची एकूण वाहण्याची क्षमता या आकड्याने कळते. कोठारातील लोह संपू लागले की यकृत अधिक वाहक तयार करते, म्हणून लोहाच्या तुटीत हा आकडा घटत नाही, उलट वाढतो. तिसरा आकडा ‘सॅच्युरेशन’. वाहकांच्या एकूण क्षमतेपैकी शेकडा किती भाग लोहाने भरला आहे, ते हा सांगतो. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले की तो मिळतो. साधारणपणे तो २० ते ५० च्या दरम्यान असतो. १६ च्या खाली गेला तर पेशी घडविण्यास पुरेसे लोह पोहोचत नाही असे समजतात.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा ‘फेरिटिन’. ही लोहाची कोठी होय. १९३७ साली चेकोस्लोव्हाकियातील लाउफबेर्गर या शास्त्रज्ञाने घोड्याच्या प्लीहेतून हे प्रथिन वेगळे केले. रक्तात ते अत्यल्प असते, आणि ते मोजण्याची खात्रीची रीत १९७२ साली कार्डिफ येथील संशोधकांनी दिली. तोपर्यंत कोठी भरली आहे की रिकामी, हे पाहण्यासाठी हाडातील मगज काढून तपासावा लागे. आज ते काम चमचाभर रक्तावर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरविल्याप्रमाणे निरोगी प्रौढाचे फेरिटिन १५ च्या खाली असेल तर कोठी रिकामी समजावी. अनेक डॉक्टर तर ३० च्या खालीच सावध होतात. फेरिटिन कमी निघाले, तर त्याचा अर्थ बहुतेक एकच असतो: लोह संपले आहे.

परंतु फेरिटिन कमी निघाले नाही, तर लोह पुरेसे आहे असे मात्र म्हणता येत नाही. शरीरात ताप, जंतुसंसर्ग, संधिवात, यकृताचा विकार किंवा अन्य दाह असला की फेरिटिन आपोआप चढते. म्हणून अशा वेळी तीच संघटना प्रौढासाठी १५ ऐवजी ७० ची मर्यादा धरण्यास सांगते. दाह आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टर ‘सी.आर.पी.’ नावाची तपासणी जोडतात. कोठीच्या दारावर ‘माल आहे’ अशी पाटी असावी आणि आत पोती रिकामी असावीत, तसा हा प्रकार होय.

लोह कोणत्या क्रमाने संपते हेही जाणून घ्यावे. प्रथम कोठी रिकामी होते, तेव्हा केवळ फेरिटिन उतरते आणि हिमोग्लोबिन जसेच्या तसे असते. मग वाहक रिकामे फिरू लागतात व सॅच्युरेशन उतरते. सर्वांत शेवटी हिमोग्लोबिन घटते आणि लाल पेशी लहान व फिकट होतात. अर्थात ‘रक्त कमी’ हा शेरा ज्या दिवशी कागदावर येतो, त्या दिवशी तूट बरीच जुनी झालेली असते.

आता दृष्टांतादाखल तीन कागद समोर ठेवू. आकडे कल्पित आहेत, पण असे कागद सुरतेच्या कोणत्याही दवाखान्यात रोज येतात.

पहिला कागद चोवीस वर्षांच्या मुलीचा. हिमोग्लोबिन ९.२. लाल पेशींचा आकार दाखविणारा ‘एम.सी.व्ही.’ हा आकडा ६८, म्हणजे पेशी लहान. तो निरोगी माणसात सुमारे ८० ते १०० असतो. सिरम आयर्न २८, टी.आय.बी.सी. ४६०, म्हणजे सॅच्युरेशन केवळ ६. फेरिटिनही ६. येथे चारही साक्षी एकच गोष्ट सांगतात. लोहाची तूट निश्चित आहे. गोळ्या द्याव्यात, त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्यात, आणि हिमोग्लोबिन सुधारताच सोडू नयेत, कारण कोठी भरण्यास पुढे आणखी सुमारे तीन महिने लागतात. जेवणासोबत लिंबू किंवा आवळा असावा. चहा मात्र जेवणानंतर लगेच घेऊ नये, तो लोह शोषू देत नाही. मासळी खाणाऱ्या घराला मासळीतील लोह अधिक सहज मिळते. शाकाहारी घराने कडधान्ये व पालेभाज्या यांकडे अधिक लक्ष द्यावे. यासोबत मासिक स्राव अति होतो काय, पोटात जंत आहेत काय, हेही विचारलेच पाहिजे. मुली हे आपण होऊन सांगत नाहीत, आईने विचारावे.

दुसरा कागद सहासष्ट वर्षांच्या गृहस्थांचा. हिमोग्लोबिन १०.४. फेरिटिन ५८. छापील मर्यादेत असल्यामुळे त्यापुढे प्रयोगशाळेने ताऱ्याची खूण केलेली नाही. घरचे म्हणतात, लोह ठीक आहे, वयोमानाने रक्त कमी झाले असेल. परंतु गृहस्थांचे गुडघे वर्षभर सुजलेले आहेत, सी.आर.पी. चढलेला आहे, आणि सॅच्युरेशन अवघे ८ आहे. दाहामुळे फेरिटिन फुगले आहे आणि आत लोहाची तूट दडलेली आहे, अशी दाट शंका येथे घेतली पाहिजे. पुढचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पुरुषाला मासिक स्राव नाही, बाळंतपण नाही. मग लोह गेले कोठे? बहुधा ते अन्नमार्गातून, न दिसणाऱ्या रक्तस्रावाने जाते. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठरात व्रण पडतो, ॲस्पिरिननेही रक्त झिरपते, आणि कधी मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ असते. अशा माणसाला केवळ लोहाच्या गोळ्या दिल्या तर हिमोग्लोबिन थोडे चढते, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि गाठ वाढत राहते. वर्षाने जेव्हा ती कळते तेव्हा हातची वेळ गेलेली असते. यास्तव प्रौढ पुरुषात, तसेच मासिक पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची तूट आढळली, तर शौच तपासणे आणि दुर्बिणीने जठर व आतडे पाहणे हे डॉक्टरांनी सांगितल्यास टाळू नये. संकोचाने किंवा खर्चाच्या विचाराने ‘आधी गोळ्या घेऊन पाहू’ असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

सुरतकरांना ही गोष्ट वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. १९९४ च्या सप्टेंबरात या शहरात प्लेगची साथ आली, लोक गाड्या भरभरून बाहेर पडले. औषधाने साथ आटोक्यात आली. पण पुढे एस. आर. राव आयुक्त असताना गटारे, कचरा आणि पाणी यांकडे लक्ष दिले गेले, म्हणून शहराचा कायापालट झाला. रोग्याला औषध द्यावेच, पण रोग कोठून आला हेही शोधावे, हा धडा सुरतेने मोठी किंमत देऊन घेतला आहे.

तिसरा कागद विवाह ठरलेल्या एका मुलीचा. हिमोग्लोबिन १०.८. एम.सी.व्ही. ६४, म्हणजे पेशी फार लहान. शाळेत असल्यापासून तिला ‘रक्त कमी’ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या आणि आकडा कधी हलला नाही. गोळी नियमित घेत नाहीस, असे घरच्यांचे बोलणेही तिने ऐकले. परंतु फेरिटिन ४८ आहे, सॅच्युरेशन पुरेसे आहे, अंगात दाह नाही, आणि लाल पेशींची संख्या कमी नसून ५६ लक्ष, म्हणजे उलट जास्त आहे. पेशी लहान, पण संख्येने भरपूर. विल्यम मेंटझर यांनी १९७३ साली एक सोपा भागाकार सुचविला: एम.सी.व्ही.ला दशलक्षांत मोजलेल्या पेशीसंख्येने भागावे. उत्तर १३ च्या वर आले तर लोहाची तूट संभवते, १३ च्या खाली आले तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा संशय घ्यावा. येथे ६४ भागिले ५.६ म्हणजे ११.४. पहिल्या कागदातील मुलीच्या पेशी ४३ लक्ष धरल्या, तर तिचे उत्तर १५.८ येते. हा केवळ इशारा आहे, निर्णय नव्हे. निर्णय ‘एच.पी.एल.सी.’ यंत्रावरील तपासणीने होतो. हिमोग्लोबिन ए-२ चा अंश शेकडा साडेतीनच्या वर निघाला तर बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व बहुधा ठरते. लोहाची तूट सोबत असेल तर हा अंश थोडा खाली दिसू शकतो, म्हणून दोन्ही तपासण्या एकत्र वाचाव्या लागतात.

असे वाहकत्व हा रोग नव्हे. ती मुलगी निरोगी आहे, संसार करील, काम करील. लोहाची खरी तूट नसेल तर तिला त्या गोळ्यांची गरजच नाही. संकट येते ते पतीही वाहक असेल तेव्हाच. मग प्रत्येक गर्भारपणात चारात एक या प्रमाणात मूल थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मण्याचा संभव असतो. अशा मुलाला काही आठवड्यांच्या अंतराने आयुष्यभर बाहेरचे रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते, आणि ते बाहेर टाकण्याची वाट नसल्याने हृदयात व यकृतात साठते. ते काढण्यासाठी पुन्हा वेगळी औषधे लागतात. लोहाच्या अभावाची शंका घेऊन आरंभलेली कथा येथे लोहाच्या अतिरेकापाशी येऊन थांबते.

भारतात सरासरी शेकडा ३ ते ४ लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, लोहाणा, भानुशाली यांसारख्या समाजांत हे प्रमाण अधिक आढळले आहे. ज्या समाजात विवाह बहुधा ज्ञातीतच होतात, तेथे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. महाजन कुटुंबांतही सोयरीक अद्याप पुष्कळदा परिचितांतच होते, म्हणून हा विचार आपल्यासाठीही आहे. भारतीय रेडक्रॉसच्या गुजरात शाखेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अशा तपासण्या मोठ्या प्रमाणावर केल्या आहेत. कुंडली पाहण्याची चाल ज्यांना ठेवावयाची असेल त्यांनी ती अवश्य ठेवावी. मात्र सोबत वधू-वर दोघांच्या रक्ताचा हा कागदही पाहावा. तपासणी केवळ मुलीची करणे हा अन्याय होय. आणि एखादी मुलगी वाहक निघाली म्हणून जुळलेली सोयरीक मोडणे हा त्याहून मोठा अन्याय, कारण पती वाहक नसेल तर मुलाला मेजर रोग होण्याचे भय उरत नाही. ज्या गर्भवतीचे वाहकत्व कळले, तिच्या पतीची तपासणी विनाविलंब करावी. दोघेही वाहक असले तर पुढचा सल्ला तज्ज्ञ देतात.

सुरतेस लागून असलेल्या तापी, नवसारी, वलसाड व डांग या भागांतील आदिवासी बांधवांत, तसेच पलीकडे नंदुरबारकडे, सिकल सेल हा दुसरा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, अंग असह्य दुखते आणि रक्तही घटते. लोह हे त्यावरचे औषध नव्हे. गुजरात सरकारने २००६ साली त्यासाठी कार्यक्रम आरंभिला; वलसाड रक्तदान केंद्राचे डॉ. यझदी इटालिया यांनी या कार्यास आयुष्य वाहिले आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहिमेचाही प्रारंभ झाला. घरात कामास येणाऱ्या बाई या भागांतील असल्या आणि त्यांच्या मुलाचे अंग वारंवार दुखत असले, तर त्यांना शासकीय रुग्णालयाची वाट दाखविणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे.

रक्तक्षय म्हणजे नेहमी लोहच नव्हे, याचा एक पुरावा मुंबईतच मिळाला होता. १९२८ साली डॉ. लुसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. तो रक्तक्षय यीस्टच्या साध्या अर्काने बरा होतो, असे त्यांना आढळले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. त्याच्या किंवा बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी लाल पेशी लहान न होता मोठ्या होतात. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव पुष्कळ आढळते. दोन्ही उणिवा एकाच वेळी असल्या तर एकीने पेशी लहान होतात, दुसरीने मोठ्या, आणि सरासरी आकडा निर्दोष दिसतो.

तात्पर्य, बंधुभगिनींनो, चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घरातील प्रत्येकाचे रक्ताचे जुने कागद तारीखवार एका फाइलीत ठेवावेत. नव्या आकड्याचा अर्थ जुन्याशेजारी ठेवल्यावर उघड होतो. लोहाची गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नये, आणि ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, कारण अधिक मात्रा मुलांना प्राणघातक ठरते. दोन महिने नीट गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर बाटली बदलण्याऐवजी डॉक्टरांस निदान पुन्हा तपासण्याची विनंती करावी. आणि तूट ठरली, तर लोह कोठे गेले, हा प्रश्न विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.

देवस्थानच्या वार्षिक सभेत हिशेब मांडला जातो, तेव्हा केवळ शिल्लक ऐकून कोणी महाजन मान डोलावीत नाही. रक्कम कोठून आली आणि कोठे गेली, हे तो विचारतो, आणि तसे विचारणे हा त्याचा हक्कच आहे. घरातील आईच्या, मुलीच्या व वडिलांच्या रक्ताच्या कागदाबाबतही तेवढीच चौकसपणाची दृष्टी ठेवावी, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पुरे करण्यात येत आहे.